ड्रायव्हर रुसलाय!

वाय-फायचं चिन्ह गायब, राउटरवर मात्र सगळे दिवे हिरवे. घरातल्या बाकीच्यांचं नेट मस्त चाललंय आणि तुमच्याच लॅपटॉपला काय धाड भरलीय ते कळत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लोड झाला नाही, तर दुकान गाठण्याआधी काय बघायचं, त्याचा हा फंडा.

रविवारची रात्र. दुपारभर खपून तुम्ही लॅपटॉप फॉरमॅट मारलाय. नवं कोरं विंडोज, नवा वॉलपेपर, सगळं कसं चकाचक! सकाळी साडेनऊला लॉगिन, दहाला क्लायंटचा कॉल. झोपण्याआधी एकदा मेल बघावी म्हणून ब्राउझर उघडता, तर नेट नाही. उजव्या कोपऱ्यात वाय-फायच्या पंख्याच्या जागी पृथ्वीचा गोळा बसलाय. सेटिंग्जमध्ये जाता, तर वाय-फायचं बटण बंद नाहीये. ते तिथे मुळात नाहीच!

मग ठरलेली धावपळ. राउटर ऑफ-ऑन. इंटरनेटवाल्याला फोन. दहा मिनिटं म्युझिक ऐकल्यावर उत्तर येतं, 'सर, आमच्याकडून लाइन क्लिअर दिसतेय.' आणि ते खरं असतं बरं का! त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. शेवटी वैतागून पुन्हा फॉरमॅट, आणि दीड तासाने पुन्हा तोच गोळा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यानंतर कुणी जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवलं, कुणी हौसेने लिनक्स टाकून बघितलं. स्क्रीन आली, कीबोर्ड चालला, आवाजही आला. अनेकांचं घोडं अडलं ते नेमकं नेटवर्क कार्डापाशी. बाकी काहीही अडलं तर नेटवरून उतरवून घेता येतं. नेटचाच ड्रायव्हर अडला, तर तो उतरवायचा कशावरून? कुलूप घराचं आणि किल्ली आत, तशातली गत.

नेट गेलंय की कार्ड?

आधी एवढंच ठरवा. वाय-फायच्या यादीत शेजारपाजारची नेटवर्कं दिसताहेत, पण तुमचं जोडलं जात नाहीये? मग कार्ड ठणठणीत आहे आणि ड्रायव्हरही जागा आहे. पासवर्ड, राउटर, फार तर आयपी अॅड्रेस यांच्याकडे बघा. यादीच नाही, बटणच नाही, सेटिंग्जमध्ये एकट्या एअरप्लेन मोडचं राज्य... मग संशयित एकच, ड्रायव्हर.

लॅनची केबल लावली असेल तर पोर्टावरच्या लुकलुकत्या दिव्यावर फार विसंबू नका. चिपला वीज मिळाली आणि पलीकडच्या राउटरशी तिचं सूत जुळलं, की तो दिवा अनेकदा ड्रायव्हर नसतानाही पेटतो. म्हणजे दिवा पेटलाय आणि विंडोज म्हणतंय 'नेटवर्क नाही', तर दोघंही खरं बोलत असतात. उलट ही चांगली खूण समजा. चिप जिवंत आहे.

आता हा ड्रायव्हर म्हणजे नक्की काय? नेटवर्कच्या चिपमध्ये शेकडो छोटे कप्पे असतात. कुठल्या कप्प्यात कुठला आकडा टाकला की रेडिओ सुरू होतो, कुठे टाकला की पॅकेट बाहेर जातं, हे चिप बनवणाऱ्या कंपनीला माहीत. विंडोज किंवा लिनक्स फक्त म्हणतात, 'हे पाठव.' त्या दोन शब्दांचं कप्प्यांच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. हा भाषांतरकार थेट ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतो. तो चुकला तर अख्खं मशीन निळ्या स्क्रीनसकट कोसळू शकतं. म्हणूनच आत घेताना त्याची एवढी झडती होते.

त्यात वाय-फायचं कार्ड म्हणजे स्वतःच एक चिमुकला कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी. या मेमरीतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, बहुतेक कार्डांत कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलतो आणि कार्डात ओततो. म्हणजे ड्रायव्हर अगदी वेळेवर हजर आहे, पण फर्मवेअरची फाइल सापडत नाहीये, असंही होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: वाय-फाय गायब. औषध मात्र वेगळं.

पिवळा त्रिकोण काय म्हणतो?

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. तुमचं कार्ड एक तर 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली असेल, नाही तर 'अदर डिव्हाइसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' अशा अनाथ नावाने पिवळा त्रिकोण कपाळावर लावून बसलेलं असेल. त्यावर डबल क्लिक केलंत की एक वाक्य आणि कंसात एक कोड दिसतो. निम्मे लोक हा कोड वाचतच नाहीत. तोच तर सगळ्यात महत्त्वाचा!

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. सगळ्यात घाबरवणारा आणि सगळ्यात सोपा प्रकार. कोड २२ म्हणजे कार्ड कुणी तरी डिसेबल केलंय. राइट क्लिक, एनेबल, विषय संपला. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाहीये. कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच 'माझ्यात काही तरी बिघडलंय' असं कळवल्यामुळे विंडोजने त्याला थांबवलंय. ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. आणि कार्ड कुठल्याच यादीत नसेल, 'शो हिडन डिव्हाइसेस' करूनही दिसत नसेल, तर ड्रायव्हरचा नाद सोडा. ते बायोसमधून बंद असेल, जागेवरून हललं असेल किंवा खरोखर गेलं असेल.

कोड कळला, आता नाव. त्याच खिडकीत 'डिटेल्स' टॅबमध्ये जा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक विचित्र ओळ येईल. तिच्यात 'व्हेन'नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी आणि 'डेव्ह'नंतरची चार म्हणजे मॉडेल. व्हेन ८०८६ असेल तर इंटेल. (१९७८ सालच्या ज्या ८०८६ प्रोसेसरपासून आजच्या पीसीचं घराणं सुरू झालं, तोच हा आकडा. इंटेलने स्वतःचा व्हीआयपी नंबर घेतलाय म्हणा ना!) १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. ८०८६ च्या पुढे २७२३ दिसलं, तर ते इंटेलचं वाय-फाय ६ एएक्स२०० कार्ड. १०ईसी आणि ८१६८ असेल, तर मदरबोर्डांवर वर्षानुवर्षं दिसणारी रिअलटेकची गिगाबिट लॅन चिप.

एवढी उठाठेव कशाला, लॅपटॉपच्या खोक्यावर लिहिलेलं असतंच की! असतं, पण ते पुरेसं नसतं. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या वेगवेगळ्या बॅचमध्ये वेगवेगळी कार्डं बसवतात. सपोर्टच्या पानावर म्हणूनच वाय-फायचे तीन-तीन ड्रायव्हर असतात आणि लोक भलताच उतरवतात. त्यातून एएमडीच्या लॅपटॉपांत आरझेड६०८ किंवा आरझेड६१६ नावाची वाय-फाय कार्डं असतात. नावावर एएमडी, आयडी मात्र १४सी३. आत मीडियाटेकचीच चिप. स्टिकरवर काहीही असो, आयडी खोटं बोलत नाही.

अठरा हजारांचं निदान

आमच्या ओळखीतल्या एका मैत्रिणीची गोष्ट. बाणेरला राहते, टेस्टिंगमध्ये आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं आणि वाय-फाय गेलं. सोमवारी दुसऱ्या फेरीचा इंटरव्ह्यू, तोही व्हिडिओवर. शनिवारी तिने लॅपटॉप जवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या दादांनी पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, 'मॅडम, वाय-फायचा सेक्शन बोर्डवरच असतो. बोर्ड बदलायला लागेल. अठरा हजार.' तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता.

'अरे, दोन वर्षं पण नाही झाली घेऊन. अठरा हजार कुठून आणू मी आत्ता?'

'अगं, पैशांचं नंतर बघू. आधी लॅपटॉप उचल तिथून आणि घरी ये. मग सांगतो तसं कर.'

घरी आल्यावर तिने फोनवरच वाचून दाखवलं. पिवळा त्रिकोण, नेटवर्क कंट्रोलर, कोड २८.

'२८? मग तर नाचच! बोर्ड गेला असता तर विंडोजला ते कार्ड दिसलंच नसतं. कार्ड म्हणतंय मी आहे, फक्त माझा माणूस पाठवा.'

'पण ड्रायव्हर उतरवू कशावरून? नेट नाहीये ना!'

'तुझा मोबाइल आहे ना? चार्जरची केबल काढ.'

अॅन्ड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंग्जमधल्या हॉटस्पॉटच्या पानावर 'युएसबी टेदरिंग' सुरू करायचं. लॅपटॉपला वाटतं, नवीन लॅनचं कार्डच जोडलंय. या तऱ्हेच्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज आणि लिनक्स दोघांच्याही पोटात आधीपासून असतो, त्यामुळे काही टाकावं लागत नाही. बहुतेक फोनांत एक गंमत आणखी आहे. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर टेदरिंग तेच नेट पुढे देतं, म्हणजे मोबाइलचा डेटाही जळत नाही. बटण करडं दिसत असेल, तर केबल बदलून बघा. कित्येक स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्या पोटात डेटाच्या तारा नसतातच. आयफोनच्या वाटेला मात्र शेवटी जा. त्याच्या टेदरिंगला विंडोजमध्ये अॅपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणजे फिरून तिथेच. आईचा किंवा रूममेटचा अॅन्ड्रॉइड मागून घ्या.

नेट आलं. विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. तिथे तिचा वायरलेस ड्रायव्हर शिस्तीत रांगेत उभा होता. टिक, इन्स्टॉल, रीस्टार्ट, आणि पंखा परत आला. एकूण वेळ बारा मिनिटं, खर्च शून्य. सोमवारचा इंटरव्ह्यू तिने त्याच लॅपटॉपवरून दिला.

ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर नसेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून किंवा थेट इंटेलसारख्या चिप कंपनीच्या साइटवरून, आयडी जुळवून घ्यायचा. 'तुमचे ४७ ड्रायव्हर जुने झालेत!' असं ओरडणारी फुकट अपडेटर सॉफ्टवेअर्स मात्र कृपा करून टाकू नका. ती आधी घाबरवतात, मग पैसे मागतात आणि वर भलताच ड्रायव्हर गळ्यात मारतात.

विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना नेट मागतं आणि त्याशिवाय पुढेच सरकत नाही, तिथेही हीच टेदरिंगची युक्ती वापरा. नेट टाळून पुढे जायच्या जुन्या पळवाटा मायक्रोसॉफ्टने २०२५ पासून चाचणी आवृत्त्यांमधून एकेक करून काढायला घेतल्यात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

शटडाऊन म्हणजे शटडाऊन नव्हे

कोड १० चं प्रकरण जरा इरसाल आहे. काल रात्रीपर्यंत सगळं ठीक, सकाळी लॅपटॉप उघडला तर वाय-फाय नाही. तुम्ही काहीच केलेलं नाही. 'शटडाऊन करून पुन्हा चालू केला, तरी तेच!'

इथेच मेख आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती सुरू असेल तर शटडाऊन केल्यावर सिस्टमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची आहे ती अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. रुसलेला ड्रायव्हर रुसलेल्या अवस्थेतच परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण या बाबतीत रीस्टार्ट हे शटडाऊनपेक्षा जालीम औषध आहे.

त्यानेही भागलं नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलीसुरली वीज निघून जाते आणि कार्डाची चिप खऱ्या अर्थाने बंद होऊन नव्याने उठते. आयटीतला एखादा सीनियर हे करताना पाहिला तर अंगारा लावल्यासारखं वाटतं, पण कारण इतकं साधं आहे. चिप अर्धवट झोपेत अडकलेली असते.

अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असतं. नवं ते सगळंच चांगलं, असं काही ड्रायव्हरच्या दुनियेत नाही. ते बटण करडं असेल तर जुनी प्रत शिल्लक नाही, मग कंपनीच्या पानावरून आधीची आवृत्ती शोधायची.

सहीच्या भानगडी, म्हणजे कोड ५२, जुनं कार्ड नव्या विंडोजला जोडताना होतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये व्हिस्टापासूनच गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर सही सक्तीची आहे. २०१६ पासून नियम आणखी आवळले आणि नवे ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावे लागू लागले. शिवाय विंडोज सिक्युरिटीमधलं 'मेमरी इंटिग्रिटी' हे खातं काही जुन्या ड्रायव्हरांना दारातूनच परत पाठवतं. ही सुरक्षा बंद करून जुना ड्रायव्हर घुसवायचे व्हिडिओ ढिगाने मिळतात. बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर करता, त्यावर हा उद्योग करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा कार्ड बदललेलं परवडतं.

पेंग्विनचे नखरे

वीकेण्डला उबुंटू टाकून बघणाऱ्या मंडळींसाठी थोडं वेगळं. लिनक्समध्ये ड्रायव्हर वेगळा शोधत हिंडायचा नसतो, तो बहुतेक वेळा कर्नलबरोबरच येतो. त्यामुळे कार्ड एक तर पहिल्या मिनिटाला चालतं, नाही तर रात्र खातं. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून वाय-फाय दिसतंय का ते बघायचं. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' या पर्यायासह दिली की प्रत्येक कार्डाचा आयडी दिसतो आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. ती ओळ नसेल तर ड्रायव्हर नाही. ओळ आहे आणि वाय-फाय नाही, तर 'डीमेसेज' कमांडच्या गर्दीत 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. फाइल सापडली नसेल तर तिचं नाव तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. विंडोजच्या नुसत्या नंबरापेक्षा हे कितीतरी बरं!

या फर्मवेअरवरून लिनक्सवाल्यांनी दोन दशकं डोकेफोड केलीय. २००० च्या दशकात ब्रॉडकॉमची चिप असलेला लॅपटॉप म्हणजे शिक्षाच होती. कंपनी माहिती देत नव्हती, फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हती. मग मंडळींनी काय करावं? ब्रॉडकॉमच्याच ड्रायव्हरची फाइल उतरवून तिच्यातून फर्मवेअर कापून काढणारं हत्यार बनवलं. दुसरा जुगाड होता 'एनडिसरॅपर'. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात चालवायचा! २००७ मध्ये कर्नलचे एक बिनीचे शिलेदार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर ऑफर दिली: चिपची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकटात लिहून देतो. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही चिपांचा खुला ड्रायव्हर दिला, तेव्हा कुठे बर्फ वितळलं. डेबियनने तर तत्त्वाखातर असं बंदिस्त फर्मवेअर आपल्या मुख्य इन्स्टॉलरच्या बाहेर ठेवलं होतं. २०२२ मध्ये त्यांच्यात चक्क मतदान झालं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. आधी लोक इन्स्टॉलरसमोर बसून दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून फर्मवेअर भरवत असत. तत्त्व कितीही थोर असो, वाय-फायशिवाय ते कुणाला सांगणार?

जुन्या इंटेल मॅकबुकवर लिनक्स टाकायची हौस असेल तर सावध. त्यांतल्या काही ब्रॉडकॉम चिपांना अजूनही कंपनीचा जुना बंदिस्त ड्रायव्हरच लागतो आणि तो नव्या कर्नलवर चालता ठेवायला उबुंटूसारखी मंडळी त्याला ठिगळं लावत असतात. असा बाहेरून आलेला ड्रायव्हर दर कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. तो बांधला गेला नाही, की अपडेटच्या दुसऱ्या दिवशी वाय-फाय गायब! अशा वेळी मशीन सुरू होतानाच्या मेन्यूतून जुनं कर्नल निवडा, नेट परत येतं, मग निवांत दुरुस्ती करा. आणि सिक्युअर बूट सुरू असेल तर घरी बांधलेल्या ड्रायव्हरला सही नसते, म्हणून कर्नल त्याला हाकलून देतं. उबुंटू अशा वेळी एक पासवर्ड ठेवायला लावतं आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो विचारतं. घाईत तो पडदा पुढे ढकलला, की बसला ड्रायव्हर बाहेर. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करायचा विचार असेल आणि त्याच मशीनवर विंडोजही असेल, तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या वेळी विंडोज ती अठ्ठेचाळीस आकडी की मागू शकतं.

हे सगळं स्वतःच्या मशीनचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नका! तिथे कोड आणि आयडी यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि हेल्पडेस्कच्या तिकिटाला जोडा. 'नेट चालत नाही' असं लिहिलेलं तिकीट दिवसभर रांगेत पडून राहतं. 'इंटेल एएक्स२००, कोड १०, काल रात्रीच्या अपडेटनंतर' असं लिहिलेलं तिकीट उचलणाऱ्यालाही बरं वाटतं.

खरंच गेलं तर

तशी ही सगळी रडगाणी जुनीच. नव्वदीतल्या एनई२००० जातीच्या कार्डांना इंटरप्टचा नंबर हाताने ठरवून द्यावा लागे. नेहमीचा नंबर होता ३, आणि तोच दुसऱ्या सिरियल पोर्टाचाही. दोघांची जुंपली की एकही चालत नसे. पुढे लॅमिंग्टन रोडवरून पीसी जुळवून आणायचे दिवस आले. रिअलटेकच्या ८१३९ चिपचं स्वस्तातलं लॅन कार्ड विंडोज एक्सपी न सांगता ओळखायचं, पण मदरबोर्डावरची नवी गिगाबिट चिप दिसली की ढिम्म. मदरबोर्डाबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी घरात देवासारखी जपली जायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

आज कार्ड खरोखर गेलं असेल, म्हणजे बायोसमध्ये सुरू असूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाही, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलं तरी नाही, तरीही बोर्ड बदलायची घाई नको. पुष्कळ लॅपटॉपांत वाय-फायचं कार्ड म्हणजे एका स्क्रूवर बसलेली पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी असते. ती वेगळी मिळते. घेताना एकच खाच सांभाळा: इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात, कारण त्यांचं निम्मं काम प्रोसेसरच्या बाजूला होतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती स्लॉटात अगदी फिट्ट बसतात आणि काहीच करत नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यायचं. अँटेनाच्या दोन बारीक तारांची टोकं नखाने उचकटू नका, ती मोडली की रेंज गेली. कार्ड थेट बोर्डावरच डकवलेलं असेल, तर युएसबी डोंगल. काही शे रुपयांत काम होतं.

डोंगलच्या डबीत ड्रायव्हरची एक छोटीशी सीडी निघाली तर हसू नका. तुमच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाहीये, हे त्यांनाही माहीत आहे. फोनची केबल काढा, टेदरिंग सुरू करा.